लाल दिवा विझेपर्यंत

शेलूबाजारला हायवेच्या कडेला माझं दुकान आहे, आणि त्यावर बोर्ड नाही. होता, तो एका उन्हाळ्यात वावटळीने उडवून नेला. नवा करायचा म्हटलं तर त्यावर काय लिहायचं हा प्रश्न पडला. 'पॉवर सप्लाय रिपेअरिंग' असं जुन्या बोर्डवर होतं, तर लोक इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन यायचे, मिक्सर आणायचे, आणि एका गृहस्थांनी तर लाइन कधी येणार ते विचारायला फोन केला होता. आता लोक 'ते डबे दुरुस्त करणारे भाऊ कुठं बसतात' असं विचारत येतात आणि बरोबर पोचतात. माझी बायको म्हणते, "पोरीच्या सासरी विचारलं तुमचे मालक काय करते, तं मी सांगू काय? डबे?"

सांगायला खरंच अवघड आहे. भिंतीतल्या बोर्डातून वीज येते ती उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी. मशीनच्या पोटातल्या नाजूक सर्किटला ती चालत नाही, त्याला सरळ वाहणारी डीसी लागते. ते काम करणारा लोखंडी डबा म्हणजे पॉवर सप्लाय. साउंड सिस्टीमच्या अँप्लिफायरमध्ये असतो, लग्नातल्या एलईडीच्या पडद्यामागे असतो, डाळ मिलच्या मशीनमध्ये असतो. तो बिघडला की आख्खी मशीन मुकाट बसते आणि मालक बोंबलत माझ्याकडे येतो.

मी सुरुवात केली तेव्हा हे डबे साधे होते. पुढे त्यांच्यात एक नवा भाग आला, पॉवर फॅक्टर करेक्शन. आमच्या धंद्यात नुसतं पीएफसी म्हणतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. पंगतीचं उदाहरण घ्या. शंभर माणसं बसली आहेत आणि सगळी एकाच क्षणी ओरडली, "वरण!" वाढप्याची तारांबळ उडणारच. वरण एकूण तेवढंच लागणार असतं, पण मागणी एकदम आली. जुने डबे विजेकडे असंच मागायचे, तिची लाट टोकाला गेली की घोट, मधे उपास. पीएफसी डब्याला शिस्त लावतो. लाटेबरोबर सावकाश, सतत, घासाघासाने घे म्हणतो. त्यामुळे वायरी कमी तापतात आणि शेजाऱ्याची वीज बिघडत नाही.

पॉवर फॅक्टर हा शब्द ऐकून किन्हीराजा गावचे एक काका एकदा विहिरीवरच्या पंपाचा कंडेन्सर पिशवीत घालून आले होते. "हाच नं थो? मंग माह्या टीव्हीले बी लावून दे." मोटरीला लावतात तो पॉवर फॅक्टर वेगळा आणि डब्यातला वेगळा, हे समजावता समजावता दोन चहा झाले. काका शेवटी म्हणाले, "म्हंजे लावता येत नाई म्हन नं सरळ." बरोबरच होतं त्यांचं.

पण या शिस्तीला एक किंमत आहे, आणि हा लेख लिहायला बसलो तो त्या किमतीसाठी. सावकाश घास घेता यावा म्हणून पीएफसी आलेली वीज आधी वर चढवतो. घरात दोनशे तीस व्होल्ट येतात, हा त्याचे जवळपास चारशे करतो, आणि तेही डीसी. ते साठवतो एका जाडजूड कपॅसिटरमध्ये. दिसायला तो पानाच्या डब्याएवढा, गुळगुळीत, निरुपद्रवी. तुम्ही प्लग काढता, पण त्याच्या पोटातलं जागच्या जागी राहतं. नळ गेला म्हणून गच्चीवरची टाकी रिकामी होत नाही, तसंच. आपल्याकडे तर लहानपणापासून मनात पक्कं बसलेलं आहे की बटन बंद, प्लग बाहेर, म्हणजे धोका गेला. पीएफसीच्या डब्यात धोका तिथून पुढे आणखी काही मिनिटं राहतो.

कारंज्याचे रहीमचाचा माझे उस्ताद. रेडिओचा माणूस. त्यांचा एक लाकडी बोर्ड होता, त्यावर एकापुढे एक जोडलेले दोन पिवळे बल्ब. कुठलीही बिघडलेली वस्तू थेट विजेला न लावता आधी या बल्बांतून लावायची, म्हणजे आत शॉर्ट असलं तर बल्ब पेटतो आणि वस्तू वाचते. जुन्या सगळ्या मेकॅनिकांची ही पद्धत, आणि जुन्या डब्यांसाठी उत्तम. पीएफसीवाल्या डब्याला मात्र ती मानवत नाही. त्याला व्होल्टेज कमी पडलं की तो जास्त करंट ओढतो, त्याने बल्ब आणखी पेटतो, व्होल्टेज आणखी पडतं, डबा बंद होतो, पुन्हा उठतो. चाचांच्या बोर्डावर पहिला असा डबा लावला तेव्हा बल्ब लुकलुकत राहिले. चाचा चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "बेटा, ये तो दम्याचा पेशंट हाय. याले माह्या दवाखान्यात नको आनू."

गावाकडे पंपांच्या सीझनला व्होल्टेज पडतं तेव्हाही हेच होतं. डबा लगेच रुसून बंद पडत नाही, जास्त ओढतो आणि तापतो. म्हणून त्याची लोखंडी पाठ उष्णता ओढून घेणाऱ्या थंड पट्टीला घट्ट बसलेली हवी, मधे चुन्यासारखी दिसणारी ती पांढरी पेस्ट हवी, पंख्यापुढे पोतं टाकलेलं नको. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा हवा, तांब्याची तार नको. हे मी दुकानात रोज सांगतो, आणि रोज कोणीतरी तांब्याची तार घातलेला डबा घेऊन येतो.

चाचांनी दुकान बंद केलं तेव्हा तो बल्बांचा बोर्ड मला दिला. "तुह्या दम्याच्या पेशंटले चालत नसन, पन फेकू नको," म्हणाले. मी फेकला नाही. त्याला दुसरं काम दिलं. कपॅसिटरमध्ये अडकलेलं रिकामं करायला तोच वापरायला लागलो. दोन जाड, रबरी चिमटे लावले, ते कपॅसिटरच्या दोन टोकांना धरायचे, बल्ब क्षणभर पेटून विझतो, मग मीटर लावून खात्री करायची. काही जण स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकतात. ठो आवाज येतो, टोक वितळतं, त्याला मर्दुमकी समजतात. माझ्या ओळखीत एकाच्या दोन बोटांना आज गरम-थंड कळत नाही.

अर्थिंगची कथा आणखी वेगळी. कामरगावचा गजानन साउंड सिस्टीमवाला. त्याच्या सगळ्या प्लगांची तिसरी, जाड काडी मोडलेली असायची. का, तर खेड्यातल्या मंडपात बोर्डाला दोनच भोकं. पीएफसीच्या डब्यात वीज गाळायला जी जाळी असते तिच्यातून थोडीशी वीज अर्थला सोडलेली असते. अर्थच मोडला तर ती जाणार कुठे? डब्याच्या अंगावर बसून राहते. एका लग्नात नवरदेवाची मावशी मंगलाष्टकं म्हणायला उभी राहिली, ओठ माइकला लागले आणि ती ओरडली, "अरे, हा चावून राह्यला!" वऱ्हाडी मंडळी हसून लोळली. गजानन दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला. मी म्हटलं, आज झिणझिण्यांवर भागलं, डबा आतून फुटला असता तर मावशी उठली नसती. तेव्हापासून तो प्रत्येक मंडपात अर्थसाठी स्वतः जमिनीत लोखंडी कांब ठोकतो, त्यावर मीठ-पाणी ओततो. गावकरी विचारतात, "हे कोनतं व्रत होय गा?" तो म्हणतो, "मावशीचं."

पण विजेच्या कामात मी खरा घाबरलो तो एकदाच, आणि ते याच गजाननाच्या गावात.

कामरगावला शोभाताईंच्या बचत गटाची डाळ मिल आहे. तिथे त्यांनी रंग निवडणारी मशीन घेतली. तुरीची डाळ वरून पडते, कॅमेरा एकेक दाणा पाहतो, काळा दिसला की हवेची फुंकर मारून बाजूला उडवतो. ज्या बायांनी जन्मभर सुपात डाळ निवडली त्यांनी ती मशीन पहिल्यांदा चालताना पाहिली तेव्हा म्हणे टाळ्या वाजवल्या. मशीन बसवायला आलेल्या माणसाने पाठीमागचा डबा दाखवून सांगितलं होतं, "हा मशीनचा जीव. प्लग काढल्याशिवाय कधी उघडायचा नाही." सांगितलं ते खरंच होतं. पुढचं सांगायचं राहिलं, किंवा त्याची गाडी सुटत होती.

आता खांडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे विळा, वखराची पास, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळ्याची पूजा होते. आम्ही बौद्ध, आमच्याकडे ती नाही. आम्ही त्या दिवशी नागपूरला निघतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, ही आमच्या घरची वडिलांपासूनची रीत. त्या वर्षी जीप ठरली होती, बायको, दोन शेजारी कुटुंबं, दशम्या-चटणीच्या पिशव्या. निघायच्या सकाळी शोभाताईंचा फोन आला की डब्याचा पंखा खरखर करून राह्यला, जाता जाता पाहून जा. कामरगाव वाटेतच. जीप मिलपाशी थांबवली आणि औजारांची पिशवी घेऊन आत गेलो.

आत पूजा चालली होती. मशीन धुऊन पुसून लख्ख, पुढे रांगोळी. प्लग नुकताच काढून बाजूला ठेवलेला. पाठीमागचा डबा मात्र उघडा, आणि त्याच्यापुढे शोभाताईंच्या सासूबाई, गयाबाई. डोक्यावरून पदर, हात नुकतेच धुतलेले, ओले. एका हातात हळदीकुंकवाचं ताट, दुसऱ्यात झेंडूचा हार. डब्यात कपॅसिटरच्या शेजारी एक छोटा लाल दिवा पेटलेला होता.

"लवकर करा बायाहो," गयाबाई म्हणत होत्या, "दिवा तेवून राह्यला तवरच वाहा लागते."

मला अर्थ लागायला क्षण लागला. दरवर्षी या बाया सांगितल्याप्रमाणे प्लग काढत. डबा उघडत. प्लग बाहेर, वीज नाही, आणि तरी मशीनच्या जिवापाशी एक लाल दिवा जळतोय. त्यांना ती खूण वाटली. देव पूजा घ्यायला थांबला आहे, विझायच्या आत कुंकू लावायचं. मागच्या खेपांना सगळं वरच्या वर निभावलं, कारण कपॅसिटरची टोपी प्लास्टिकची, तिच्यावरच बोट टेकायचं. या वर्षी मात्र मिल चांगली चालली म्हणून गयाबाईंना हार घालायचा होता. आणि आमच्या भागात तोरणं, हार पुष्कळदा मोटर वाइंडिंगच्या जुन्या तांब्याच्या तारेत ओवतात, सुतासारखी तुटत नाही म्हणून. हाराची दोन उघडी टोकं दारातून आलेल्या उन्हात चमकली ती मला दिसली. त्या टोकांपासून कपॅसिटरच्या स्क्रूंपर्यंत वीतभरही अंतर नव्हतं.

"माय, हात नको!" मी ओरडलो आणि त्यांचा दंड धरून मागे ओढलं. गयाबाई माझ्या अंगावर कलंडल्या. ताट उलटं पडलं. सगळीकडे कुंकू.

खांडेनवमीचा दिवस, घरची थोरली बाई, आणि तिच्या पूजेचं ताट पाडणारा मी. शोभाताईंचे दीर दारात उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, तुमाले नसन मानाचं तं नका मानू. पन आमच्या पूजेचं ताट काहून पाडता?"

ते मला लागलं. फार लागलं. बाहेर जीपमध्ये माझी माणसं पांढरे कपडे घालून बसली होती. संध्याकाळपर्यंत गावात कोणती गोष्ट पसरेल ते मला दिसत होतं, आणि त्या गोष्टीत कपॅसिटर नसता. रागही आला होता, भीतीही वाटत होती. आणि हार स्क्रूला लागला असता तर काय झालं असतं, ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

बोलून काही होणार नव्हतं. मी पिशवीतून चाचांचा बोर्ड काढला. शोभाताईंना म्हटलं, "ताई, तो प्लग आईच्या हातात द्या. घट्ट धराले सांगा." गयाबाईंनी प्लग दोन्ही हातांत धरला. सगळ्यांना मागे सारलं, हातमोजे घातले आणि दोन चिमटे कपॅसिटरच्या टोकांना लावले.

दोन्ही बल्ब भक्कन पेटले. दिवसाढवळ्या, वायर कुठेच जोडलेली नसताना. मग पिवळे, मग लालसर, मग विझले. त्यांच्याबरोबर तो छोटा लाल दिवाही विझला.

गयाबाई हातातल्या प्लगकडे पाहत राहिल्या. मग बल्बांकडे. मग स्वतःच्या हाराकडे.

"हे सारं माह्या आंगात आलं असतं?" त्यांनी विचारलं.

"हो माय."

"मंग थो लाल दिवा कायले ठेवला त्यायनं?"

"थांबा म्हनाले ठेवला. अंदर अजून जोर हाये, हात लावू नका, एवढंच सांगते थो. इझला, मीटरवर काही उरलं नाई, का मंग काम कराचं."

म्हातारीने प्लग खाली ठेवला. मग म्हणाली, "थांब म्हने थो. अन् आमी समजलो, ये म्हनते."

शोभाताई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मी मीटर लावून पाहिलं, पंखा बदलला, तेव्हा दीरांनी माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि डब्याचं झाकण स्वतः बसवलं, एकेक स्क्रू दाबून पाहत. तेवढ्यात बायांनी हार उसवला होता आणि झेंडू दोऱ्यात ओवायला घेतले होते. सांडलेलं कुंकू गयाबाईंनीच बोटाने टिपून ताटात घेतलं. "ताट पडलं म्हून मी उभी हाये," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. गावात काय पसरायचं ते त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. मी बाहेर येऊन जीपमध्ये बसलो आणि कारंजा-अमरावती रस्ता कसा गेला ते मला कळलं नाही.

मला वाईट याचं वाटतं की धोक्याची खूण प्रत्येक डब्यात असते, पण ती आपल्या भाषेत नसते. लाल दिवा बनवणाऱ्याने त्यातून 'थांबा' म्हटलं. ज्या घरात लाल म्हणजे कुंकू आणि दिवा म्हणजे देव, तिथे तो काय सांगणार? गयाबाई अडाणी नव्हत्या. दिसलं त्याचा त्यांना ठाऊक होता तो अर्थ त्यांनी लावला. आता माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर मी पिवळ्या ऑइलपेंटने मराठीत लिहितो, 'प्लग काढला तरी आत वीज आहे. लाल दिवा विझेपर्यंत थांबा. उघडू नका, मेकॅनिकला बोलवा.' अक्षर माझं वाईट आहे, पण वाचता येतं.

कामरगावला पूजा होते अजून. डबा उघडत नाहीत. सकाळी प्लग काढतात, झाकणाच्या जाळीतून आतला लाल दिवा दिसत असतो, तोवर बाया खाली बसून देवीची गाणी म्हणतात. दिवा मंद होत होत विझला की उठतात आणि झाकणावर बाहेरूनच कुंकू लावतात. या गोष्टीला आता काही वर्षं झाली, नव्या सुनांना वाटतं की रीत पहिल्यापासून अशीच आहे.

गयाबाई थकल्या आहेत, मिलमध्ये खुर्चीवर बसून असतात. या वर्षी खांडेनवमीला आमची जीप नेहमीप्रमाणे थांबली. मी आत जाऊन पंखा पाहिला, अर्थ तपासला. निघताना त्यांनी हाक मारली आणि शेजारच्या टोपलीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला झेंडूचा एक हार काढून माझ्या हातात ठेवला.

"मशीनीले घातला, एक उरवला," त्या म्हणाल्या. "तुमी चालले नं दीक्षाभूमीवर? तिथं वाहा माह्याकडून."

मी मान हलवली.

"दोऱ्यात ओवला हाये, भाऊ. तार नाई. पाहून घ्या."

मी हाराची दोन्ही टोकं बोटांनी चाचपून पाहिली. म्हातारी माझ्या बोटांकडे लक्ष देऊन पाहत होती. मी मान वर केली तेव्हा म्हणाली, "जा आता."